प्रवासखर्च की उचल?

नगरच्या दाळमंडईत तीन पिढ्यांपासून भुसार मालाचा व्यापार करणारे एक कुटुंब आहे. घरातील वडीलधाऱ्यांना सारे बाबूजी म्हणतात. हिशोब आता संगणकात गेले असले, तरी वहीपूजनानंतर सरत्या वर्षाची खाती एकदा डोळ्यांखालून घालण्याचा त्यांचा नेम सुटलेला नाही. २०२५ च्या दिवाळीनंतर खाती पाहताना त्यांची नजर एका नोंदीवर थांबली. जानेवारीत एका कंपनीने विक्रीचे उद्दिष्ट गाठणाऱ्या व्यापाऱ्यांना गोव्याची सहल दिली होती. चिरंजीव तीत गेले होते. जाणे-येणे, राहणे, जेवण सारे कंपनीकडे होते. तरीही प्रवासखर्चाच्या खात्यावर त्या तारखांना ८५,००० रुपये नावे पडलेले होते. बाबूजींनी नोंदीपुढे पेन्सिलीने बारीक टिंब केले आणि वही मिटली. विचारले काहीच नाही.

त्याच आठवड्यात घरात गोव्याचाच विषय निघाला. कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, मुलांच्या सुट्ट्यांचा मेळ बसत होता. घरातील सहाही जणांनी जाऊन यावे, असे सुनेने सुचवले. चिरंजीवांनी तर आराखडाच मांडला: विमान, समुद्रकाठचे हॉटेल, शनिवारची रात्र मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर. त्यांचा युक्तिवाद काटकसरीचाच होता. “बाबूजी, प्रवेशाच्या पैशांतच जेवण, पेये, गाण्याचा कार्यक्रम आणि खेळायला चिप्सही मिळतात. बाहेर जेवलो तरी तेवढेच लागतील. एका अर्थी फुकटच.”

बाबूजींनी नकार दिला नाही. कोरा कागद मागवला. “फुकट म्हणतोस, तर एकेक कलम लावून पाहू. जमा काय आणि नावे काय, ते तूच सांग.”

पहिले कलम जेवणाचे. ते रात्री उशिरा मांडले जाते; घरात सूर्यास्तानंतर पान वाढले जात नाही. शिवाय सामिष आणि निरामिष पदार्थ एकाच दालनात. म्हणजे किंमत शून्य. दुसरे कलम पेयांचे. त्यातले मोलाचे ते मद्य, तेही शून्य. तिसरे, खेळाच्या दालनात एकवीस वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही. दोन्ही नातवंडांपाशी कोणीतरी थांबायचे, म्हणजे सहा जणांची करमणूक चौघांचीही उरत नाही. चौथे, मिळणाऱ्या चिप्स. त्यांचे रोख पैसे होत नाहीत, त्या डावावर लावाव्याच लागतात. “हे आमिषाचे पीठ झाले,” बाबूजी म्हणाले. “मासळीला ते फुकटच मिळते.”

चिरंजीव हसले; पण त्यांचा मुद्दा अजून शिल्लक होता. “नशीब असेल तर माणूस जिंकूनही येतो. मी पाहिलेत तसे लोक.”

येथे बाबूजींनी कागद उलटला. रुलेटच्या चाकावर १ ते ३६ आकडे आणि एक शून्य, अशी ३७ घरे असतात. समजा, प्रत्येक घरावर शंभर रुपये लावले. ३,७०० रुपये गुंतले. गोळी कोठेही थांबली, तरी पस्तीस पट बक्षीस आणि मूळ शंभर मिळून हाती येणार ३,६००. चाक कितीही सचोटीने फिरो, शंभर रुपये घराचे, म्हणजे शेकडा २.७०. दोन शून्ये असलेल्या चाकावर हाच आकडा शेकडा ५.२६ होतो. कोणाचीही लबाडी नाही; मांडणीच तशी आहे.

“शेकडा पावणेतीन म्हणजे काहीच नाही,” चिरंजीव म्हणाले.

“आपण डाळीवर किती घेतो?” बाबूजींनी विचारले, आणि तेव्हा मात्र चिरंजीव गप्प झाले. भुसाराच्या व्यापारात नफा थोडा आणि उलाढाल मोठी, हे त्या घरातील पोरालाही ठाऊक असते. एका डावाला पाचशे रुपये आणि तासाला चाळीस डाव धरले, तर तीन तासांत साठ हजारांची उलाढाल होते. खिशात मात्र दहाच हजार असतात. तेच पैसे फिरफिरून पुन्हा टेबलावर जातात. “दुकानात नफा आपला आणि उलाढालही आपली. तिथे उलाढाल तुझी आणि नफा त्यांचा. एखादा रात्री जिंकून उठतोही. पण दुकान एका गिऱ्हाइकावर चालत नाही, रोजच्या गर्दीवर चालते.”

कराचे कलम तर व्यापाऱ्याला समजावून सांगावेच लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. डाव लागो वा न लागो, कर आधीच. त्यातूनही जिंकले, तर त्या रकमेवर ३० टक्के आयकर, आणि हरलेले त्यातून वजा होत नाही. तोटा पुढच्या वर्षी ओढण्याची सोय नसलेला हा धंदा, असे बाबूजी म्हणाले.

मग बोलणे कायद्याकडे वळले. गोव्याच्या १९७६ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना मुभा मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील टेबलांना. महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. गोवा सरकारने तर २०२० मध्ये खुद्द गोवेकरांनाच या दालनांत प्रवेशबंदी केली. “ज्याच्या अंगणात दुकान आहे, तो आपल्या लेकरांना तिथे जाऊ देत नाही,” बाबूजी म्हणाले. “आपल्याकडे सप्तव्यसनांत जुगार पहिला सांगितला, तोही काही उगाच नाही. बाकीची व्यसने त्याच्या मागून चालत येतात.”

कागद भरला होता. सून आत गेली, मुले झोपली. चिरंजीव बसूनच राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “बाबूजी, जानेवारीतले ते पंच्याऐंशी हजार प्रवासखर्च नव्हते.”

“माहीत आहे.”

“मग विचारले का नाही?”

“मी विचारले असते, तर तू उत्तर दिले असतेस. तू सांगावेस, अशी इच्छा होती.”

त्या रात्री पहिल्या दहा हजारांनंतर आणखी दहा, मग गेलेले परत आणण्यासाठी दुकानाचे कार्ड, असा तो सारा प्रवास चिरंजीवांनी सांगितला. गेलेल्या पैशापेक्षा ती खोटी नोंद लिहिताना हात थरथरला होता, हेही सांगितले. बाबूजींनी उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी मुनिमांना बोलावून एकच फेरनोंद करायला सांगितली: ८५,००० रुपये प्रवासखर्चातून काढून चिरंजीवांच्या उचल खात्यावर टाकावेत. दुकानाच्या नफ्यातून तो खर्च वजा होऊ नये, ज्याचा त्याच्या भांडवलातून जावा. प्रतिक्रमणात आलोचना करतो, तिचा हिशोबातला अर्थ एवढाच: चूक पुसायची नाही, तिच्या खऱ्या खात्यावर नेऊन ठेवायची.

सहल मात्र रद्द झाली नाही. विमानाऐवजी नगर स्थानकावर थांबणारी गोवा एक्स्प्रेस ठरली. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते; त्या मानाने उशीर झाला होता, पण मार्गशीर्षातल्या मधल्या वारांची तिकिटे मिळाली. नाताळची गर्दी टळली, हॉटेलही स्वस्तात पडले. डब्यांत खाकरे, ठेपले आणि कोरडा चिवडा होता. गाडीच्या खिडकीतून दूधसागर दिसला. त्याचे तिकीट वेगळे नव्हते. बांदिवड्याच्या जुन्या जैन बस्तीचे अवशेष पाहताना आजोबांनी नातवंडांना सांगितले की, या भूमीवर आपलेही पूर्वज नांदून गेले आहेत.

शेवटच्या संध्याकाळी, दिवस असतानाच जेवण उरकून, सारे पणजीच्या धक्क्यावर आले आणि बेतीच्या फेरीबोटीत चढले. पायी प्रवाशांना तिचे भाडे पडत नाही. नदीत जहाजांवरचे दिवे लागू लागले होते. धाकट्या नातवाने विचारले, “पप्पा, तिथे काय असते?”

चिरंजीवांनी क्षणभर वडिलांकडे पाहिले. मग मुलाला जवळ घेऊन म्हणाले, “तिथे मी एकदा गेलो होतो. घरी गेल्यावर कागदावर मांडून दाखवतो.”