शुश्रूषा

'काळजीवाहू' हा शब्द मराठीत मुख्यमंत्र्यांसाठी आणि सरकारांसाठी राखून ठेवलेला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी न्हाऊ-खाऊ घालणाऱ्या, रात्री उठून दाराची वरची कडी तपासणाऱ्या व्यक्तीला काय म्हणावे, हे आपल्या भाषेने अद्याप ठरवलेले नाही. तशी गरजच वाटली नसावी. सून, मुलगी किंवा बायको म्हटले की काम भागत होते.

रोगाच्या बाबतीत मात्र शब्दांची उणीव नाही. 'म्हातारचळ' आहे, 'साठी बुद्धी नाठी' आहे. 'स्मृतिभ्रंश' तर थेट गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. पण तेथे तो क्रोधातून होणाऱ्या अधःपाताची एक पायरी आहे, रोग नव्हे. आलोईस अल्झायमर यांनी १९०६ साली जिची हकीगत मांडली ती स्त्री एक्कावन्नाव्या वर्षीच रुग्णालयात दाखल झाली होती, हे म्हण वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

माझ्या आईच्या आजाराचे निदान होऊन सहा वर्षे झाली. ती थोरल्या भावाकडे असते, म्हणजे वस्तुतः वहिनीकडे. दिवेलागणीच्या सुमारास आई स्वतःच्याच घरात "मला घरी जायचंय" म्हणू लागते. हे घर तुमचेच, असे समजावण्यात अर्थ नसतो. वहिनी म्हणते, "जाऊ या की, आधी एवढ्या शेंगा निवडून घेऊ." घेवड्याचे ताट पुढे येते आणि शेंगा मोडता मोडता ते दुसरे घर मागे पडते. ही युक्ती तिला कोणी शिकवलेली नाही. आठवड्यातून चार दिवस ती लागू पडते. उरलेल्या तीन दिवसांविषयी वहिनी बोलत नाही. पाहुणे अर्धा तास बसतात, आई त्यांच्याशी माहेरच्या गोष्टी नीट बोलते, आणि निघताना ते म्हणतात, "छान आहेत की!" याहून क्रूर अभिप्राय मी ऐकलेला नाही.

साहित्याला आणि चित्रपटाला विसरणाऱ्याचे आकर्षण अधिक. ते स्वाभाविकही आहे: विसरण्याला रूपक होता येते, कपडे बदलण्याला होता येत नाही. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये (२०१३) संस्कृत पंडिताला माहुताची बायको लेकरासारखे सांभाळते. ती माया अस्सल आहे. परंतु तिला ती थोडाच काळ निभवायची आहे. मुलीची वर्षे मला अधिक अवघड वाटतात. जॉन बेली यांनी आयरिस मरडॉकवरचे पुस्तक १९९८ साली, ती हयात असतानाच प्रसिद्ध केले, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. तिच्या संमतीचा प्रश्न खराच. तरी मी बेलींच्या बाजूचा आहे. सांभाळणाऱ्याने केव्हा बोलावे? सगळे संपल्यावरच?

'शुश्रूषा' हे 'श्रु' धातूचे इच्छार्थक रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. एकच प्रश्न दिवसातून चाळीसदा ऐकणाऱ्याला ही व्युत्पत्ती थट्टाच वाटेल. पण सांभाळणाऱ्याचे कोणी ऐकावे, हा अर्थ मात्र तिच्यातून ओढूनताणून काढावा लागत नाही. साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे निदान तितक्याच जणांची झोप मोडत असणार. आईवडिलांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सून त्या व्याख्येत नाही. कायद्याने जिला मोजले नाही, ती औषधाच्या गोळ्या मोजते आहे.

ब्युरोकडून येणाऱ्या मावशी दोन महिन्यांत बदलतात, आणि आईला प्रत्येक नवा चेहरा चोराचा वाटतो. म्हणून गेल्या दिवाळीपासून आम्ही भावंडांनी शनिवार वाटून घेतले. दुपारी तीन ते सात कोणीतरी आईजवळ बसतो आणि वहिनी बाहेर पडते. पहिले काही शनिवार ती भाजी घेऊन तासाभरात परतत असे. आता सातलाच येते. कुठे जाते, ते आम्ही विचारत नाही.