आयर्विनपाशी किती फूट?

पावसाळ्यात आम्ही सांगलीकर एकच विचारतो, आयर्विन पुलापाशी पाणी किती? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ च्या वर गेलं.

आमच्या इमारतीत पाणी पार्किंगपर्यंतच आलं. गाड्या बुडाल्या, विम्याचे पैसे मिळाले. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची नदीकाठची भाड्याची खोली मात्र पत्र्यापर्यंत बुडाली. शिलाई मशीन, पोराची पुस्तकं, सगळं गेलं. पंचनाम्याला भाडेपावती मागितली. भाडं रोख देणाऱ्याकडं पावती कुठली?

"मग तिथं राहता कशाला?" मी विचारलं. (शहाणपणा बघा!)

"दादा, कोरड्या जागेचं भाडं आमाला परवडतंय व्हय?"

आता हे आमच्या सोसायटीला आवडणार नाही, पण आमच्या इमारतीखाली पूर्वी ओत होता. पुराचं पाणी तिथं पसरायचं. त्यावर भराव पडला, जोतं उंच झालं, आणि आम्ही जादा पैसे मोजून फ्लॅट घेतले. ते पाणी कुठंतरी जाणारच की.

२०२१ च्या पुरातही मावशी तिथंच होत्या. आजही आहेत. काल म्हणाल्या, "दादा, यंदा मशीन तुमच्या जिन्याखाली ठिवली तर चालंल का?"

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलंय. दोन अंगठे आलेत. बाकीच्यांनी नुसतं वाचलंय.