वडनेर भोलजीची पांदण आणि जगाचा नकाशा

मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाताना आपण वडनेर भोलजी कदाचित पाहिले असेल. अर्थात, त्याला पाहणे म्हणावे की नुसते मागे टाकणे म्हणावे, हा प्रश्नच आहे. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरचे हे गाव काही क्षणांत सरते. काचेबाहेर काळीभोर जमीन, कपाशी, सोयाबीन, तूर. मुलांना नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमानमूर्तीची ओढ असते, वडीलधाऱ्यांना शेगावच्या दर्शनाची. वडनेरला उतरावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वाचकहो, आज मात्र आपण येथे उतरावे आणि थोडे पायी चालावे, अशी विनंती आहे.

प्रथम हातातल्या मोबाइलवर नकाशा उघडा. महामार्ग ठळक दिसेल, गावाचे नावही दिसेल. आता स्वतःला एक प्रश्न विचारा. शेतातल्या एखाद्या घरातून, ऐन पावसाळ्यात, दिवस भरलेल्या बाईला महामार्गापर्यंत आणायचे आहे. तर कोणत्या वाटेने आणाल? वऱ्हाडातली काळी माती भिजली की पाय धरून ठेवते. उन्हाळ्यात बैलगाडी सहज जाते ती पांदण आषाढात चिखलाने बंद होते. कोणता नाला किती पावसात वाट अडवतो, हे गावातल्या माणसाला तोंडपाठ असते. परंतु २०१४ पासून महाराष्ट्रात सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचा चालक परगावचा असेल, तर ते त्याला कसे कळावे? जे ज्ञान गावाच्या मनात आहे आणि नकाशावर नाही, ते संकटाच्या घटकेला परक्याच्या उपयोगी पडत नाही.

हे अंतर किती जीवघेणे असू शकते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, तेव्हा गाव नाहीसे झाल्याचे प्रथम ध्यानी आले ते तिकडून जाणाऱ्या एस.टी.च्या चालकाच्या. दीडशेहून अधिक माणसे त्यात गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथवर गाडीरस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांना अंधारात आणि पावसात डोंगर पायी चढावा लागला. अशा वेळी पहिले प्रश्न ठरलेले असतात : घरे किती होती, कोठे होती, आणि वर जाणारी वाट कोणती?

याच प्रश्नांची उत्तरे संकटाआधी लिहून ठेवण्याचे काम आज जगभरातले स्वयंसेवक करीत आहेत. नकाशा आणि आरोग्य यांचे नाते तसे जुने आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरचे मृत्यू नकाशावर मांडून रोगाचे मूळ एका पाण्याच्या पंपाशी असल्याचे दाखवले. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा कोणालाही वापरता व सुधारता येणारा नकाशा सुरू झाला. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला आणि ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या, उपग्रहचित्रांवरून, तेथल्या राजधानीचे रस्ते रेखाटले. मदतपथकांनी ते वापरले. त्याच वर्षी या कामासाठी ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’ ही संस्था उभी राहिली. २०१४ मध्ये अमेरिकन व ब्रिटिश रेडक्रॉस आणि सीमापार डॉक्टरांची संघटना यांना सोबत घेऊन ‘मिसिंग मॅप्स’ हा उपक्रम सुरू झाला. २०१५ चा नेपाळचा भूकंप आणि २०१८ चा केरळचा पूर यांतही असे हात पुढे आले.

काम दिसायला साधे आहे. पडद्यावर भूभागाचा एक चौकोन येतो. त्यातली छपरे आखायची, वाटा ओढायच्या. मग दुसरा, अधिक अनुभवी स्वयंसेवक ते तपासतो. येथेच आपली पहिली परीक्षा होते. आपण घर म्हणून आखलेले कडब्याची गंजी निघते. रस्ता म्हणून ओढलेली रेघ कोरड्या नाल्याची असते. कोणी अनोळखी व्यक्ती ते सौम्य शब्दांत कळवते. घरात आणि कचेरीत चूक दाखवली की कपाळाला आठ्या घालणारे आपण, येथे हळूहळू ‘बरे झाले, सांगितलेत’ म्हणायला शिकतो; कारण त्या चुकीच्या रेघेवरून उद्या कोणी रुग्णाला घेऊन निघणार असते.

दुसरी परीक्षा पायी चालताना होते. वरून छप्पर दिसते, त्याखालचे जीवन दिसत नाही. हा परिसर पूर्णेच्या खोऱ्यातला. या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे, जेथे भूगर्भातले पाणी पुष्कळ ठिकाणी खारट लागते. तेव्हा हातपंप दिसला की नुसता ठिपका पुरेसा नसतो. ‘मावशी, हे पाणी पिता का? उन्हाळ्यात टिकते का?’ असे विचारावे लागते. मावशी आधी चौकशी करतात, ‘कोठून आलात, कोणासाठी लिहून घेता?’ त्याचे सरळ उत्तर द्यावे लागते. उंबऱ्याबाहेर थांबून ऐकण्याची ही रीत कोणत्याही शिबिरात इतकी पक्की होत नाही.

आणि मग येतो नावाचा प्रश्न. गावाच्या टोकाला असलेल्या वस्तीला रस्त्यावरचा माणूस जे नाव सांगतो ते कदाचित जातीवरून पडलेले असते. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये अशी जातिवाचक वस्तीनावे बदलण्याचा निर्णय घेतला. पण जिभेवरची नावे निर्णयाने लगेच पुसली जात नाहीत. नकाशावर आपण कोणते नाव लिहिणार? जे रस्त्यावर ऐकले ते, की तेथे राहणारी माणसे स्वतःच्या वस्तीला जे म्हणतात ते? उत्तर अवघड नाही. मात्र त्यासाठी त्या वस्तीत जावे लागते आणि तेथल्या माणसांना विचारावे लागते. आजवर आपण किती नावे न विचारता उच्चारली, याची जाणीव त्या क्षणी होते आणि ती टोचते. माझ्या मते या सेवेतून होणारी खरी वाढ हीच.

दूरच्या संकटाच्या बातम्या पाहून मन बधिर होते आणि आपण काय करणार, या हतबलतेने आपण वाहिनी बदलतो. रविवारी तासभर बसून चार वाटा नीट आखल्या, तर ती हतबलता थोडी तरी सैल होते. मात्र सेवेचाही अतिरेक नको. अधूनमधून नजर पडद्यावरून उचलून दूर न्यावी, पाठ सरळ ठेवावी, रात्रीची झोप मोडू नये.

हे काम कुटुंबाने मिळून करता येते. आपल्याच गावापासून आरंभ करा. आजीला जुन्या वाटा आणि शिवारांची नावे विचारा, मुलांना मोबाइलवर नोंद करू द्या. नाव देवनागरीतही लिहा. तीन पथ्ये मात्र पाळावीत. स्वतः पाहिले वा खात्रीने कळले तेवढेच लिहावे. व्यापारी नकाशांवरून नक्कल करू नये. आणि कोणाच्या घरावर व्यक्तीचे नाव किंवा आजाराची नोंद कधीही टाकू नये.

एवढे करून परत महामार्गावर या. गाडी येईल, वडनेर पुन्हा मागे पडेल. परंतु या वेळी काचेबाहेर बघताना पिकांमध्ये शिरणारी एखादी पांदण आपल्या नजरेस पडेल. ती कोणाच्या दारापर्यंत जाते आणि श्रावणात तिच्यावरून चालता येते का, हा प्रश्न आपल्या मनात आपोआप उठेल.