मन्नारच्या आखातातून : भाग ३

दिवस सहावा, मंडपम

पहाटे किनाऱ्यावर बायका बोटांना चिंध्या गुंडाळत बसल्या होत्या. पाण्यातल्या खडकावरचं शैवाळ खुडताना कातडी सोलवटते. इथे त्याला ‘पासी’ म्हणतात. काही जणी आता पासीची शेती करतात. बांबूचा बारा फुटी चौकोनी तराफा, त्यावर ताणलेल्या दोऱ्या, दोऱ्यांना बांधलेल्या कापाफायकस या शैवाळाच्या फांद्या. ६० किलो बेणं लावलं की ४५ दिवसांत चौपट माल. त्यातून निघणारं कॅरॅजिनन आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत लागतं. एका अक्कांनी ओली फांदी हातावर ठेवली. कूर्चेसारखी कडक, मोडताना कडकन आवाज आला.

दिवस सातवा, क्रुसडाई

बेटाजवळ जायची परवानगी मिळाली, वाराही पडलेला. नावेतून वाकून पाहिलं तर तळाशी हिरवं-तपकिरी कुरण दिसलं. नीट पाहिल्यावर त्याखालून सांबरशिंगी पोवळ्याची टोकं वर आलेली दिसली, आणि पोटात गोळा आला. हीच ती तराफ्यावरची पासी. ती इथली नव्हे, मूळची फिलिपाइन्सकडची. क्रुसडाईच्या पोवळ्यांवर ती पसरल्याचं २००८ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं.

पोवळ्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाळं राहतात. उन्हावर ती अन्न करतात आणि पोवळं त्यावर जगतं. वर पासीची चादर पडली की ऊन तुटतं, आणि लाटांबरोबर तिचं घासणं चालूच. फांदीचं पोवळं वर्षाला फार तर काही इंच वाढतं, गोलसर पोवळं जेमतेम सेंटिमीटरभर. ४५ दिवसांत चौपट होणाऱ्यापुढे त्याने कसं टिकावं? रात्री झोप लागली नाही.

दिवस आठवा, मंडपम

पोवळ्यांवरची पासी हाताने उपटून काढतात, पण मोडलेला तुकडाही पुन्हा रुजतो. पोपटमाशांसारखे शैवाळ चरणारे मासे भरपूर असतील तर पोवळ्याला थोडी उसंत मिळते. म्हणून पोपटमाशांची बेसुमार पकड मला या बेटांवरचा दुसरा घाव वाटते. मात्र तराफे बंद करा, असं त्या चिंध्यांच्या बोटांकडे पाहून माझ्याने म्हणवत नाही. बेटांपासून लांब ठेवा, एवढं मात्र ठामपणे म्हणेन.

संध्याकाळी अक्कांना पाहिलेलं सांगितलं. नावाडी हिंदीतून तमिळ करत होता. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग तराफ्याखालची जाळी पुढे ओढली. माशांनी पीक खाऊ नये आणि तुकडे वाहून जाऊ नयेत म्हणून ती लावतात. तिला हातभर भोक होतं. अक्का सुई घेऊन शिवायला बसल्या.

(क्रमशः)