माहेरचा न सांगितलेला वारसा

विवाह ठरविताना दोन्ही घरांत पुष्कळ चौकशी होते. शिक्षण, नोकरी, नातीगोती, कांदा-लसणाचा त्याग, चातुर्मासातील नियम, सारे विचारले जाते. मुलीच्या आत्याला दात काढल्यावर दोन दिवस रक्त का थांबले नाही, आजीचे बाळंतपण जिवावर का बेतले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आणि ठाऊक असलेले सांगत नाहीत. मुलीच्या अंगी ‘खोड’ आहे असा बोभाटा झाला तर स्थळ मोडेल, ही भीती त्यामागे असते.

रक्त साकळण्यास आवश्यक असलेल्या सूक्ष्म बिंबिकांना आपण प्लेटलेट म्हणतो. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारणतः दीड ते साडेचार लाख असतात. गरोदरपणात त्यांची संख्या थोडी घटणे नवलाचे नाही. बहुतेक स्त्रियांत ती प्रसूतीनंतर आपोआप पूर्ववत होते. परंतु काही घराण्यांत ही उणीव जन्मतःच असते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत येते.

सांगलीकडील एका घरातील सुनेच्या चौथ्या महिन्यातील तपासणीत हा आकडा बेचाळीस हजार आला. कोणी डेंग्यू म्हणाले, कोणी पपईच्या पानांचा रस सुचविला. शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करीत असावे, असे समजून काही आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. आकडा हलला नाही. पुढे एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी विचारले, “लग्नापूर्वी कधी रक्त तपासले होते का?” सून गप्प राहिली. सासूबाई औषध आणण्यास बाहेर गेल्या तेव्हा तिने सांगितले, की बाराव्या वर्षीही आकडा असाच कमी होता. “सासरी याचा उच्चार करू नकोस,” असे आईने बजावले होते. वडिलांना तिशीपासून ऐकू कमी येत असे. घरच्यांनी त्याचा दोष कारखान्यातील आवाजाला दिला होता.

या दोन गोष्टी एकत्र येताच निदानाची दिशा बदलली. काचपट्टीवरील रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा प्लेटलेट अवाढव्य आकाराच्या दिसल्या. यंत्र आकारावरून मोजते. एवढ्या मोठ्या प्लेटलेट ते तांबड्या पेशींत जमा करते, म्हणून प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखविते. जनुकीय तपासणीत एमवायएच-९ या जनुकातील दोष आढळला. या विकारात काहींना पुढे बहिरेपणा, मूत्रपिंडाचा आजार किंवा मोतीबिंदूही होतो. स्टिरॉइडचा त्यावर उपयोग नसतो. चुकीच्या निदानामुळे अशा काही रुग्णांची प्लीहाही विनाकारण काढली गेली आहे.

सासूबाईंना हे कळले तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, “आम्ही विचारले असते, तर तू सांगितले असतेस का?” दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी रक्तदात्यांची यादी करावयास घेतली. प्लेटलेट सामान्यतः पाच दिवसच टिकतात, त्याही सतत हलत्या ठेवून. त्यामुळे दाते आधीच ठरवावे लागतात.

स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून प्रसूतीची आखणी केली. वार पडल्यावर गर्भाशय आकुंचन पावून रक्तवाहिन्या दाबून धरते, म्हणून अशा पुष्कळ स्त्रिया सुखरूप बाळंत होतात. धोका अधिक असतो तो जखमांचा व शस्त्रक्रियेचा. पाठीतील भूल द्यावी की नाही, हे आधी ठरले. रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झामिक आम्ल हाताशी ठेवले. बाळालाही हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असल्याने चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावयाचा नाही, असे ठरले. ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामके वर्ज्य केली. नंतरचे काही आठवडेही रक्तस्रावावर लक्ष ठेवले.

मुलगी झाली. नाळेतील रक्ताच्या तपासणीत तिच्याही प्लेटलेट कमी निघाल्या. आजीने तो अहवाल घरच्या कागदपत्रांत, जन्मदाखल्याच्या शेजारी ठेवला आणि सुनेच्या आईला निरोप धाडला, “हिच्या बाबतीत लपवायचे नाही.”

सर्वच प्रकार असे एका पालकाकडून येत नाहीत. १९४८ साली बर्नार्ड आणि सूलिए या फ्रेंच डॉक्टरांनी वर्णिलेल्या विकारात सदोष जनुक आई-वडील दोघांकडूनही यावे लागते. म्हणून नात्यातल्या विवाहांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या घरी मुलगी देण्याची रीत असलेल्या कुटुंबांनी हे ध्यानी घ्यावे.

आपल्या परंपरेत औषधदान आणि अभयदान यांना मोठे स्थान आहे. सासरी आलेल्या मुलीला आपल्या देहाविषयी निर्भयपणे बोलता यावे, हेही अभयदानच होय. वारंवार घोळणा फुटणे, अंगावर सहज निळे डाग पडणे, पाळीत अतिरक्तस्राव होणे, माहेरी कोणाचा प्लेटलेटचा आकडा वर्षानुवर्षे कमी असणे, यांतील काहीही असल्यास ते गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांच्या कानी घालावे. त्याने स्थळ मोडले, तर मोडू द्यावे. लपविल्याने जी हानी होईल ती प्रसूतीच्या खोलीत होईल, आणि तेथे पुन्हा विचार करण्यास सवड नसते.