धुरजड नको, उलाळ नको

धारवाडकराला हुबळीस जायला निमित्त लागते आणि हुबळीकराला धारवाडास यायला सवड लागते, असे आमच्याकडे थट्टेने म्हणतात. १९६२ साली ही दोन्ही गावे एका महापालिकेच्या दाव्याला बांधली गेली. तरी त्यांचे स्वभाव वेगळे ते वेगळेच राहिले. धारवाडला पाऊस, पेढा, गाणे आणि कॉलेजे. हुबळीला बाजारपेठ, रेल्वे आणि लोखंड. गेल्या वर्षीच्या चैत्रात आम्हांला जे निमित्त मिळाले, ते लोखंडाचेच होते.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा हुबळीत असतो. केळगेरीच्या बाजूला त्यांची वडिलार्जित आंब्याची बाग आहे. धारवाडच्या हापुसाची कीर्ती रत्नागिरीइतकी नसेल, पण खाणाऱ्याला ती ठाऊक आहे. हंगामात भाड्याचा टेंपो वेळेवर येत नाही, उतरवलेले फळ उन्हात तापते आणि मंडईत भाव उतरतो, हे भाच्याचे दरवर्षीचे दुखणे. त्याने नुकतीच एक मोठी, उंच, चारही चाकांना जोर देणारी मोटार घेतली होती. एके रात्री त्याचा फोन आला. "मामा, गाडीच्या मागे कडी बसवून घेतो आणि लहानसा ट्रेलर जोडतो. चाळीस क्रेट एका खेपेत जातील. रस्त्यावरचा वेल्डर अर्ध्या तासात बंपरला हूक लावून देतो म्हणतोय."

"अर्ध्या तासात?" आम्ही विचारले.

"हो. आणि पैसेही फार नाहीत."

आम्ही म्हणालो, "शनिवारची सकाळची शाळा आटोपून आम्ही येतो. तोवर हूक लावू नकोस." तो हसला असावा. मामाला लोखंडातले काय कळते, असे त्याच्या मनात आले असल्यास त्यात त्याची चूक नव्हती. मराठी घेऊन एम.ए. झालेला माणूस मोटारीच्या कडीबद्दल काय सांगणार? परंतु आमच्याजवळ एक कारण होते. ते पुढे येईलच.

शनिवारी ज्युबिली सर्कलपाशी आम्ही 'चिगरी'त बसलो. चिगरी म्हणजे कानडीत हरिण. दोन शहरांमधील जलद बससेवेला हे नाव मोठ्या रसिकतेने दिलेले आहे. सुमारे २२ किलोमीटरांचा हा रस्ता. सत्तूर गेले, पेरूंसाठी नावाजलेले नवलूर गेले, नवनगर गेले. उणकलचे तळे उजाडल्यासारखे समोर आले आणि हवेतला ओलावा संपून हुबळीचा कोरडा, तेलकट वास सुरू झाला. हा वास आम्हांला वाईट वाटत नाही. ज्या गावाने शेकडो संसार हातोडी-पान्यावर उभे केले, त्याच्या घामाचा तो वास आहे.

हुबळीचे लोखंडाशी नाते जुने आहे. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली निघाली, तिचे ठाणे आमच्या धारवाडात होते आणि कारखाना हुबळीला. आज हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकावर १,५०७ मीटर लांबीचा फलाट आहे. २०२३ च्या मार्चमध्ये त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा जगातला सर्वांत लांब म्हणून तो गाजला. पण फलाट कितीही लांब असो, गाडी चालते ती दोन डब्यांमधल्या वीतभर सांध्यावर. जुन्या डब्यांना मळसूत्राची सांधणी असे. माणूस दोन डब्यांच्या मध्ये शिरून ती हाताने आवळीत असे. आता पुष्कळ डब्यांना मध्यभागी एकच बळकट पंजासारखी सांधणी असते आणि ती आपोआप मिटते. ओढणारा आणि ओढला जाणारा यांच्यामधली जागा ही सर्वांत धोक्याची, हे रेल्वेच्या माणसाला सांगावे लागत नाही.

भाचा आम्हांला गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात घेऊन गेला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारे ते लहानसे ठिकाण. मिस्त्री साठीचे, कपाळाला विभूती, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कानडीत त्यांनी विचारले, "मास्तर, ओढायचे काय आहे?"

भाच्याने हुकाची किंमत विचारायला तोंड उघडले होते. मिस्त्रींनी हात वर केला. "आधी ओझे सांगा. हूक शेवटी."

मग त्यांनी जे समजावून दिले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. मोटारीमागे जी कडी बसवतात, तिचा मुख्य भाग म्हणजे आडव्या पोलादी तुळईला जोडलेली एक चौकोनी नळी. हिलाच रिसीव्हर म्हणतात. नळीत एक दांडा सरकवायचा, आरपार पिन घालायची, पिनेला क्लिप लावायची. दांड्याच्या टोकाला पोलादी गोळा असतो आणि ट्रेलरच्या दांडीची वाटी त्या गोळ्यावर बसते. गोळा एका मापाचा आणि वाटी दुसऱ्या मापाची असेल तर ती बसल्यासारखी दिसते, पण खड्ड्यात उडून निघते. युरोपात गोळा ५० मिलिमीटरांचा ठरलेला आहे. अमेरिकेत तीन-चार मापे चालतात. तिकडे कड्यांचे वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गाची कडी सुमारे ९०० किलोंपर्यंत ओढते, दुसऱ्याची सुमारे १,६०० आणि तिसऱ्याची ३,६०० किलोंपर्यंत. पहिल्या दोहोंची नळी बहुधा सव्वा इंची आणि तिसऱ्याची दोन इंची.

"मग तिसऱ्या वर्गाचीच घेऊ," भाचा म्हणाला. "मजबूत ती बरी."

मिस्त्री हसले. "कडी मजबूत घेतली म्हणून गाडी मजबूत होत नाही. गाडीचे पुस्तक आणले आहे का?"

पुस्तक गाडीच्या खणात, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट होते. आम्ही ते तेथेच फोडून वाचले. निदान वाचण्याचे काम तरी आमचे होते. स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोंपर्यंत, आणि कडीवर खाली येणारा भार ७५ किलोंपर्यंत, असे त्यात स्पष्ट छापलेले होते. भाच्याने हिशेब मांडला. रिकामा ट्रेलर २६० किलो. वीस-वीस किलोंचे चाळीस क्रेट म्हणजे ८०० किलो. एकूण १,०६०. चोवीस क्रेट घेतले तर ७४०. भाच्याचा चेहरा उतरला.

मिस्त्रींनी मग गाडीखाली वाकून चौकट दाखवली. या मोटारीला खाली शिडीसारखी पोलादी चौकट होती. कडी या चौकटीला, तिच्यासाठी राखलेल्या छिद्रांतून बोल्टांनी आवळायची. ज्या मोटारींना अशी चौकट नसते, सबंध सांगाडाच एकजीव कवचासारखा असतो, त्यांना ही काळजी दुप्पट. आणि बंपर? तो धक्का सोसण्यासाठी असतो, ओढण्यासाठी नव्हे. "बंपरला लावलेला हूक," मिस्त्री म्हणाले, "म्हणजे सदऱ्याच्या गुंडीला म्हैस बांधणे."

यानंतर त्यांनी एक तयार ट्रेलर पुढे ओढला आणि त्याची दांडी हाताने उचलून दाखवली. "ही जड लागली पाहिजे, पण फार जड नाही." आमच्या डोळ्यांपुढे एकदम आजोळचे अंगण आले. कापसाचे बोचके भरलेली बैलगाडी जुंपण्यापूर्वी तिथला गडी धुरा हाताने उचलून पाहत असे. ओझे पुढे जास्त झाले तर गाडी 'धुरजड' होते आणि बैलांच्या मानेवर जू काचते. मागे जास्त झाले तर गाडी 'उलाळ' होते, धुरा वर उचलला जातो आणि जोते बैलांच्या गळ्याला लागते. तो गडी एखादे बोचके वीतभर पुढे सरकवी, पुन्हा उचलून पाही, आणि मगच बैलांना हाक घाली. अमेरिकेतले जाणकार सांगतात की ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार कडीवर असावा. युरोपात हे प्रमाण त्याहून कमी धरतात आणि मोटारीच्या पुस्तकातली किलोंची मर्यादा पाळतात. भार याहून कमी झाला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही हलवतो. आमच्या आजोळच्या गड्याला टक्केवारी येत नव्हती. पण त्याच्या तळहाताला ती ठाऊक होती.

आता आमचे कारण सांगतो. तीस वर्षांपूर्वी आम्ही खेड्यातल्या शाळेवर होतो. उसाचा हंगाम होता. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस जात असे, आणि शाळा सुटली की पोरे मागून ऊस उपसायला धावत. आम्ही रागावत होतो. पण उसाच्या गोडीपुढे मास्तरांचा राग किती टिकणार? एका संध्याकाळी चढावर मागची ट्रॉली सुटली. कडीत पिनेऐवजी साधा बोल्ट घातला होता आणि त्याला ना नट ना क्लिप. ट्रॉली उतारावरून मागे आली. आमच्या सातवीतला एक मुलगा तिच्या मागे होता. तो वाचला, पाय मात्र गुडघ्याखाली गेला. दिवाळीची सुट्टी संपून कितीतरी दिवस झाले तरी डाव्या ओळीतला तिसरा बाक रिकामाच होता. पुढे तो कुबड्या घेऊन आला, तेव्हा आम्ही हजेरी घेत होतो. त्याचे नाव उच्चारताना आमचा आवाज फुटला. तो बोल्ट आम्ही स्वतः पाहिला होता. रस्त्याच्या कडेला पडला होता, करंगळीएवढा.

हे आम्ही भाच्याला त्या दिवशी प्रथमच सांगितले. तो काही बोलला नाही. मिस्त्रींनी मात्र खणातून दोन साखळ्या काढून टेबलावर ठेवल्या. कडीखालून त्या एकमेकींवरून तिरप्या बांधायच्या, म्हणजे वाटी सुटलीच तर दांडी जमिनीवर न आपटता त्या झोळीत पडते. "पिन आहे तोवर साखळीचे काम नाही," ते म्हणाले, "पण ज्या दिवशी काम पडेल त्या दिवशी दुसरे काही नसते."

प्रश्न कायद्याचाही होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळे फेरफार गाडीत करता येत नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. गाडीपुढे मिरवायच्या लोखंडी जाळ्यांवर केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात टाच आणली ती याच आधारे. ट्रेलरची गोष्टही तशीच. कायद्याच्या दृष्टीने तो स्वतंत्र वाहन. त्याला स्वतःची नोंदणी, नंबर आणि मागचे दिवे हवेत. तेव्हा आम्ही ठरवले की गाडीच्या निर्मात्याला आणि परिवहन कार्यालयाला पत्र लिहावे, आणि निर्मात्याने मान्य केलेलीच कडी घ्यावी. पत्रे आम्ही लिहिली. एक इंग्रजीत, एक कानडीत. सुवाच्य अक्षराचा उपयोग निवृत्तीजवळ आल्यावर झाला.

त्या हंगामाचे आंबे भाड्याच्या टेंपोतूनच गेले, आणि दोनदा टेंपो उशिरा आला. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, तुझ्या पत्रांपायी दोन खेपांचा भाव गेला." ते खरे होते, आम्ही नाकारले नाही. उत्तरे आली तोवर मृग लागला होता.

कडी बसली ती श्रावणात, ट्रेलरची नोंदणी झाली त्यानंतर. पहिली खेप आंब्यांची नव्हतीच. बागेत लावायच्या कलमांची आणि शेणखताची होती. निघण्यापूर्वी भाच्याने ट्रेलरची दांडी हाताने उचलून पाहिली, खताचे एक पोते वीतभर पुढे सरकवले आणि पुन्हा उचलून पाहिली. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी त्याने मिस्त्रींचा हात पाहिला असावा. मग वाटी बसवली, पिन घातली, क्लिप लावली, साखळ्या तिरप्या अडकवल्या.

आम्ही वाकून पिन पाहिली.

"मामा, पाहिली मी," तो म्हणाला.

तरी आम्ही पुन्हा एकदा पाहिली, आणि मग गाडीत जाऊन बसलो.