पिळण्याआधी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. पस्तिशी ओलांडली आणि डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, "साखर काठावर आहे, मास्तर. पाय हलवा." त्याच सुमारास आमचा भाचा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची गिअरची सायकल आमच्या अंगणात येऊन टेकली. पुढे तीन दातेरी चकत्या, मागे सात. म्हणजे एकवीस गिअर. मुकुंदनगरातून शाळेत जायला एक पुरेसा होता. पण हौस! दर रविवारी फजरची नमाज झाली की आम्ही भिंगारवरून पाथर्डी रस्त्याने चांदबिबी महालाकडे निघू लागलो.

लोक त्याला चांदबिबीचा महाल म्हणतात. खरं तर ती निजामशाहीतला वजीर दुसरा सलाबतखान याची कबर. नाव एकीचं, कबर दुसऱ्याची. शाळेतही दोष कुणाचा आणि नाव कुणाचं, असं होतंच. ते पुढे येईल.

त्या चढावर सायकलने आमची फजिती केली. चढाला हलका गिअर हवा, म्हणजे मागच्या मोठ्या चकतीवर साखळी चढली पाहिजे. ती चढेना. चढलीच तर खडखड वाजून आपोआप खाली उतरे. आम्ही विज्ञानाचे शिक्षक. कुणाला विचारणं कमीपणाचं वाटलं. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि पेचकस घेऊन बसलो.

मागच्या गिअरच्या यंत्राला एच आणि एल असे दोन छोटे स्क्रू असतात. आम्ही दोन्ही पिळले. हँडलपासून येणारी वायर ताणून पाहिली, सैल करून पाहिली. लहान चकत्यांवर जमलं की मोठ्या चकत्यांवर बिघडे, तिकडे जमवलं की इकडे बिघडे. पुढच्या रविवारी चढ सुरू होताच साखळी मोठ्या चकतीवरून पलीकडे घसरली आणि चाकाच्या ताऱ्यांत अडकली. चाक जाम, आम्ही रस्त्यावर. गुडघा फुटला. घरी आल्यावर बेगम म्हणाल्या, "साखर उतरली का?"

दुकानात दाखवली. "सगळा सेट बदलून टाका," एवढंच उत्तर मिळालं. महिन्याच्या अखेरीला ते परवडणारं नव्हतं.

आमच्या वर्गात आठवीतला एक मुलगा होता. आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर. मामूच्या पंक्चरच्या टपरीवर बसायचा. आला तरी शेवटच्या बाकावर. फळ्यावरचं उदाहरण उतरवायला सांगितलं की शेजाऱ्याच्या वहीत बघायचा. प्रगतिपुस्तकात आम्ही लिहिलं होतं, 'लक्ष देत नाही. अपूर्णांक कच्चे.' कायद्याने मनाई नसती तर कानही पिळला असता.

शाळा सुटल्यावर आम्ही सायकलशी झटापट करीत होतो. तो जवळ येऊन उभा राहिला.

"सर, ये गिरी थी क्या? सीधे हात की तरफ?"

आठवलं. वादळी वाऱ्याच्या दिवशी मैदानातल्या सगळ्या सायकली एकमेकींवर कोसळल्या होत्या. आमची तळाशी होती, उजव्या कुशीवर. गिअरचं यंत्र त्याच बाजूला असतं.

त्याने पेचकस हातात घेतलाच नाही. मागच्या चाकामागे उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "सर, पट्टी टेढ़ी है।" ज्या लोखंडी पट्टीला यंत्र लटकतं, ती आत वाकली होती. यंत्रातल्या दोन छोट्या चाकांची रेघ वरच्या चकतीशी सरळ हवी, ती तिरकी होती. खटक्याला एक चकती बदलायची ही सोय शिमानो या जपानी कंपनीने 1980च्या दशकात रूढ केली. त्यापूर्वी चालवणारा हाताच्या अंदाजाने साखळी जागेवर आणी. आता अंदाज नाही, माप आहे. म्हणून यंत्र जरा तिरकं झालं तरी सगळा हिशेब चुकतो. स्क्रू पिळून ते सुटणार नव्हतं.

यंत्र उतरवून त्याने पान्याने पट्टी हळूहळू सरळ केली. म्हणाला, फ्रेम लोखंडी आहे म्हणून. ॲल्युमिनियमची असती तर तुटू शकली असती, मग नवीच पट्टी बसवावी लागली असती. वायर काढली, नळीतला गंज आणि चिखल पुसला, तेलाचा थेंब सोडला. साखळी मोठ्या चकतीवर चढते आणि परत उतरायला उशीर लावते, तर वायर नळीत अडकतेय समजायचं. कारण चढवायला आपला अंगठा असतो, उतरवायला नुसती स्प्रिंग.

मग क्रमाने एकेक काम. साखळी सगळ्यात लहान चकतीवर. एच स्क्रूने यंत्र बरोबर त्या चकतीखाली. वायर हाताने ओढून घट्ट. पॅडल फिरवत एकेक खटका. साखळी वर चढायला कचरली तर वायर जिथे यंत्रात शिरते तिथली गोल चकरी अर्धा फेरा बाहेर, पुढे उडी मारली तर अर्धा फेरा आत. शेवटी एल स्क्रू, साखळी ताऱ्यांत पडू नये म्हणून. हे दोन स्क्रू गिअर बदलत नाहीत; ते नुसते कुंपण. आम्ही कुंपणच उखडलं होतं.

"सर, फुटपट्टी?" त्याने साखळीच्या एका पिनवर शून्य ठेवलं. पिना अर्ध्या अर्ध्या इंचावर असतात. चोविसावी अंतरं संपली की बरोबर बारा इंच. एक षोडशांश इंच जास्त भरलं तर साखळी बदलायची. एक अष्टमांश भरलं तर चकत्याही झिजल्या समजायच्या. आमची साखळी त्याच्या आतच होती. सेटचे पैसे वाचले.

आम्ही चूप झालो. हाच तो अपूर्णांक कच्चे असलेला!

फुटपट्टी वाचताना त्याने ती नाकाला टेकवली होती. आम्ही समोरच्या भिंतीवरची मोठी पाटी दाखवून म्हटलं, "वाच." तो हसला. "वो तो धुंधला दिखता है, सर। सब को वैसाच दिखता ना?"

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013पासून आहे. त्याचं पथक शाळेत येतं, डोळे तपासतं. आमच्या शाळेतही आलं होतं. त्या दिवशी तो टपरीवर होता. हजेरीपुस्तकात आम्हीच लाल शाईने गैरहजेरी मांडली होती आणि तिथेच विषय संपवला होता. बी.एड.ला नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन आम्ही तोंडपाठ केलं होतं. आधी दोष शोधा, मग उपाय करा. पेपरात चांगले गुणही मिळाले होते.

त्याच्या अम्मीला भेटलो. चष्म्याचं ऐकून त्या प्रथम रडल्या, मग विचारलं, "मास्टरसाब, मुलीसारखं लग्नाला अडायचं नाही ना?" आम्ही हसलो, पण मुलींच्या चष्म्याचा विचार घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्या मुलींनाही भिंतीवरची पाटी वाचायला लावली. दोघी अडखळल्या.

साखळीच्या वाचलेल्या पैशांत त्याचा चष्मा झाला. तो पहिला आला वगैरे काही घडलं नाही. आजही आठवड्यात एखादा दिवस टपरीवर असतो. घर त्यावर चालतं, तो पेच आमच्या पान्याने सुटणारा नाही. पण आता पहिल्या बाकावर बसतो आणि फळ्यावरून उतरवतो. प्रगतिपुस्तकातली ती ओळ आम्ही खोडली आणि बाजूला सही केली.

रविवारी चढावर साखळी मुकाट्याने मोठ्या चकतीवर चढते. आम्हीही आता पेचकस उचलण्याआधी चाकामागे उकिडवं बसून बघतो.